जुन्या लिनक्सवर नवा कंपायलर : एका प्रश्नाचा आढावा

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणारे यंत्र जुने असावे आणि त्यावर उभे करायचे सॉफ्टवेअर मात्र आजचे असावे, ही परिस्थिती संगणकाच्या व्यवहारात अपवादाची नसून नित्याची आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात प्रयोगशाळेसाठी एकदा घेतलेली यंत्रे वर्षानुवर्षे चालवावी लागतात आणि प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी नवे यंत्र घेणे संस्थांना झेपत नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या कुतूहलाचा राहत नाही. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली स्थापन झाले, म्हणजे जिल्ह्यातील अभियांत्रिकी शिक्षणाला चार दशकांचा इतिहास आहे. याच जिल्ह्यातील लोणारच्या बसाल्टी विवराचा अभ्यास करणाऱ्यांना उपग्रहचित्रे वाचणारी सॉफ्टवेअरे लागतात, आणि तालुक्यातील ग्रंथालयांना जुनी मराठी पुस्तके यंत्राकडून वाचून घ्यायची असतील तर अक्षरओळखीचे सॉफ्टवेअर लागते. ही सॉफ्टवेअरे मुक्त आहेत आणि फुकट मिळतात. परंतु ती जुन्या यंत्रावर चालवायची तर बहुधा तेथेच बांधावी लागतात, आणि बांधणीची ही वाट कंपायलरपाशी अडते.

कंपायलर, ज्याला मराठी पाठ्यपुस्तकांत संकलक म्हटले जाते, तो माणसाने लिहिलेली मूळ संहिता यंत्राच्या भाषेत उतरवतो. त्यानंतर लिंकर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्या तुकड्यांची सांगड लायब्रऱ्यांशी, म्हणजे आधीच तयार असलेल्या आणि अनेक प्रोग्रॅमांनी वाटून वापरायच्या संहितेशी, घालतो. या दोन्ही क्रियांना मिळून येथे बांधणी असे म्हटले आहे. लिनक्सच्या जगात सर्वाधिक वापरला जाणारा कंपायलर जीसीसी हा असून रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. आज त्याची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी येते : चौदावी मे २०२४ मध्ये आली, तर पंधरावी एप्रिल २०२५ मध्ये.

कार्यप्रणालीचे घड्याळ याहून फार संथ चालते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची सातवी आवृत्ती जून २०१४ मध्ये आली आणि तिचीच फुकट प्रतिकृती असलेल्या सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. म्हणजे दहा वर्षे तिच्यात दोषदुरुस्त्या येत राहिल्या, पण पायाभूत घटकांच्या आवृत्त्या जाणीवपूर्वक गोठवलेल्या होत्या. तिचा जीसीसी ४.८.५ होता, ग्लिबसी ही सी भाषेची मूळ लायब्ररी २.१७ होती आणि कर्नल, म्हणजे यंत्रसामग्रीवर थेट ताबा ठेवणारा गाभा, ३.१० होता. त्याआधीच्या सेंटओएस ६ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ४.४.७, २.१२ आणि २.६.३२ असे होते. गोठवण्यामागे तर्क आहे, कारण ज्या रुग्णालयाचे, बँकेचे वा वेधशाळेचे सॉफ्टवेअर एकदा तपासून चालू केले आहे, त्याच्या पायाखालची फरशी दर सहा महिन्यांनी उचकटणे परवडणारे नसते. या दोन घड्याळांमधील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

यंत्रच अद्ययावत का करू नये, हा आक्षेप येथे स्वाभाविक आहे आणि जेथे शक्य असेल तेथे तेच करावे हेही खरे. परंतु अद्ययावत करण्याची किंमत दिसते त्याहून मोठी असते, हे दाखवणारे एक उदाहरण मराठी विदा सांभाळणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ ने जगभरच्या भाषांचे वर्णानुक्रमाचे कोष्टक एका नव्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बदलले. पोस्टग्रेस हा विदागार-प्रोग्रॅम शब्दांचा क्रम लावण्यासाठी ग्लिबसीवर विसंबत असल्याने, सेंटओएस ७ वरचे विदागार जसेच्या तसे आठव्या आवृत्तीच्या यंत्रावर नेले तर जुन्या क्रमाने रचलेल्या सूची नव्या क्रमाशी जुळेनाशा झाल्या, आणि नोंद अस्तित्वात असूनही शोधात सापडत नाही असे प्रकार घडू लागले. उपाय सोपा आहे : सूची नव्याने रचायच्या. पण तो करायला हवा हे माहीत नसलेल्या कार्यालयात नावांची यादी मूकपणे बिघडते. म्हणून जुनी प्रणाली टिकवून ठेवणाऱ्यांना आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. पुष्कळदा त्यांनी धोक्याचा हिशेब मांडलेला असतो.

पुढील सर्व विवेचनाला आधार म्हणून एक ठोस प्रसंग कल्पिता येतो. एखाद्या महाविद्यालयाच्या सेंटओएस ७ वरील यंत्रावर टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचे सॉफ्टवेअर बांधून मराठी पुस्तकांची छायाचित्रे मजकुरात उतरवायची आहेत. टेसरॅक्टच्या चौथ्या आवृत्तीने २०१८ मध्ये चेताजालावर आधारलेली नवी ओळखपद्धती आणली, जिच्यासोबत मराठीसाठी स्वतंत्र प्रशिक्षित विदा उपलब्ध आहे. आणि २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या पाचव्या आवृत्तीने आपल्या संहितेसाठी सी++१७ हे भाषामानक अनिवार्य केले. जीसीसी ४.८ मार्च २०१३ मधला, म्हणजे ते मानक ठरण्याच्या चार वर्षे आधीचा. त्याला सी++१७ हा पर्यायच ओळखता येत नाही आणि बांधणी पहिल्याच पायरीवर थांबते. ही अट एकट्या टेसरॅक्टची नाही. उपग्रहचित्रे वाचणाऱ्या जीडीएएल या लायब्ररीनेही २०२४ मधील ३.९ आवृत्तीपासून सी++१७ मागितले आहे आणि जगातील लिप्यांचे नियम सांभाळणाऱ्या आयसीयूने त्याच वर्षी ७५ व्या आवृत्तीपासून. त्यामुळे लोणारच्या पाण्याचा रंग जून २०२० मध्ये गुलाबी झाला तेव्हाची चित्रे आज पुन्हा तपासणारा अभ्यासक आणि जुनी पुस्तके उतरवून घेणारा ग्रंथपाल एकाच कुंपणापाशी येऊन थांबतात.

कुंपण ओलांडण्याचा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे ते सॉफ्टवेअर एखाद्या नव्या यंत्रावर बांधायचे आणि तयार फाइल जुन्या यंत्रावर आणून ठेवायची. हा मार्ग जवळजवळ नेहमी फसतो, आणि तो का फसतो हे समजले की प्रश्नाचा गाभा हाती येतो.

तयार झालेला प्रोग्रॅम एकटा चालत नाही. त्याच्या खाली तीन थर असतात : सर्वांत तळाशी कर्नल, त्यावर ग्लिबसी, आणि प्रोग्रॅम सी++ मध्ये लिहिलेला असेल तर त्यावर लिबएसटीडीसी++ ही त्या भाषेची लायब्ररी. प्रोग्रॅम या लायब्रऱ्यांतील ज्या ज्या क्रिया वापरतो त्यांची नावे त्याच्या फाइलमध्ये नोंदलेली असतात, आणि नुसती नावे नव्हे तर प्रत्येक नावापुढे आवृत्तीचा शिक्का. या शिक्क्याला चिन्ह-आवृत्ती म्हणता येईल. ग्लिबसीने ही पद्धत २.१ पासून अंगीकारली. तिचे प्रयोजन मेमसीपीवाय या क्रियेच्या इतिहासातून उत्तम कळते. स्मृतीचा एक तुकडा दुसरीकडे उतरवणारी ही क्रिया. उगम आणि गंतव्य एकमेकांवर चढलेले नसावेत असा तिचा नियम, पण अनेक प्रोग्रॅम तो मोडत आणि तरी चालत. ग्लिबसीने ही क्रिया अधिक वेगवान करताच नियम मोडणाऱ्या प्रोग्रॅमांचा बिघाड उघडा पडला, फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटू लागला, आणि २०११ च्या २.१४ आवृत्तीत तोडगा असा काढण्यात आला की नव्याने बांधलेल्या प्रोग्रॅमांना २.१४ चा शिक्का असलेली नवी क्रिया मिळावी आणि जुन्या प्रोग्रॅमांना जुन्या शिक्क्याची जुनी क्रिया मिळत राहावी. एकाच लायब्ररीत दोन काळांच्या क्रिया शेजारी शेजारी नांदू लागल्या. हा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातील मागच्यांना सांभाळून घेण्याचा एक अतिशय विचारपूर्वक केलेला प्रयत्न आहे आणि त्याच्याकडे द्यावे तितके लक्ष दिले जात नाही.

या रचनेचा थेट परिणाम असा की, जुन्या यंत्रावर बांधलेला प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालतो, कारण नव्या लायब्ररीत जुने शिक्के शाबूत असतात. नव्यावर बांधलेला मात्र जुन्यावर चालत नाही, कारण जुन्या लायब्ररीला पुढचे शिक्के ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही. वाट एकेरी आहे. ऑगस्ट २०२१ च्या ग्लिबसी २.३४ मध्ये, पूर्वी वेगळी असलेली धाग्यांची, म्हणजे प्रोग्रॅममधील समांतर कामांची, लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या मूळ क्रियेलाच नवा शिक्का मिळाला. त्यामुळे त्यानंतरच्या प्रणालीवर बांधलेला, केवळ एक ओळ छापणारा प्रोग्रॅमही २.३४ मागतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीत ग्लिबसी २.३५ आहे, म्हणून तिच्यावर बांधलेली फाइल सेंटओएस ७ वर तर नाहीच, पण केवळ दोन वर्षे जुन्या उबुंटू २०.०४ वरही उघडत नाही. लिबएसटीडीसी++ चेही असेच : जीसीसी ४.८ सोबतच्या लायब्ररीत शिक्के ३.४.१९ पर्यंत आहेत, ४.९ ने ३.४.२० आणला, पाचव्याने ३.४.२१, आणि जुन्या यंत्रांवर वारंवार दिसणारा अमुक आवृत्ती सापडली नाही हा संदेश याच आकड्यांविषयी असतो.

येथून या आढाव्याचे मुख्य प्रतिपादन निघते : नव्या यंत्रावरचा प्रोग्रॅम खाली आणण्याऐवजी नवा कंपायलरच जुन्या यंत्रावर न्यावा. कंपायलर स्वतः एक प्रोग्रॅमच आहे, तो जुन्या ग्लिबसीवर निवांत चालतो, आणि त्याने बांधलेली फाइल जुन्याच शिक्क्यांवर उभी राहते. घराचे जोते जुने ठेवून वरचा मजला नव्या विटांनी बांधावा, तसे हे काम आहे. आणि जोत्याला हात न लावण्याचे पथ्य त्यात सर्वांत कडक आहे.

कंपायलर नेण्याचा मूळ मार्ग म्हणजे त्याची मूळ संहिता आणून तो तेथेच बांधणे. त्यासाठी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या मोठ्या व अचूक संख्यांचे गणित करणाऱ्या तीन लायब्रऱ्या लागतात. त्या आणून योग्य जागी ठेवणारी एक छोटी आज्ञावली जीसीसीच्या संहितेतच दिलेली असते. बांधणी तीन फेऱ्यांत होते : यंत्रावरचा जुना कंपायलर नव्याची पहिली प्रत बांधतो, ती प्रत स्वतःच्याच संहितेपासून दुसरी बांधते, दुसरी तिसरी बांधते, आणि अखेरीस दुसरी व तिसरी यांची बाइटशः तुलना केली जाते, त्या जुळल्या तर जुन्या कंपायलरचे दोष नव्यात उतरले नाहीत असा विश्वास धरता येतो. जुन्या यंत्रावर या कामाला काही तास आणि काही गिगाबाइट जागा लागते. बत्तीस बिटांच्या प्रोग्रॅमांसाठीची हेडर, म्हणजे घोषणांच्या फाइली, यंत्रावर नसतील तर तो भाग आरंभीच वगळावा लागतो, नाहीतर बांधणी अडते.

या मार्गातील खरी अडचण मात्र शिडीच्या पायऱ्यांची आहे. जीसीसी ४.८ पासून स्वतःच सी++ मध्ये बांधला जाऊ लागला. अकराव्या आवृत्तीपासून तो बांधण्यासाठी सी++११ जाणणारा कंपायलर लागतो, आणि पंधराव्यापासून सी++१४ जाणणारा. सेंटओएस ७ चा ४.८.५ सी++११ जाणतो, म्हणून त्याच्यावरून चौदाव्यापर्यंत एका उडीत जाता येते. पंधराव्यासाठी मधली एक पायरी घ्यावी लागते. सेंटओएस ६ चा ४.४.७ तेवढेही जाणत नाही, म्हणून तेथून आधी दहावी आवृत्ती आणि मग तिच्यावरून चौदावी वा पंधरावी, असा प्रवास करावा लागतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेल्या जीसीसी संसाधन केंद्राने २०१२ व २०१३ मध्ये घेतलेल्या कार्यशाळांत जीसीसीची जुळणी व बांधणी हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवला गेला. कोणत्या यंत्रावर कंपायलर बांधायचा, कोणत्यावर तो चालणार आणि कोणत्यासाठी तो संहिता निर्माण करणार, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात, हे तेथे आकृत्यांच्या साहाय्याने मांडले जाई. कंपायलर ही वापरायची बंद पेटी नसून उघडून समजून घ्यायची वस्तू आहे हा या केंद्राचा दृष्टिकोन मोलाचा होता. जिल्हा पातळीवरच्या महाविद्यालयांत कंपायलरचा विषय आजही पुष्कळदा व्याकरणाच्या कोष्टकांपाशी संपतो, आणि विद्यार्थ्याने एकदाही कंपायलर बांधून पाहिलेला नसतो, ही खंत बाळगण्याजोगी गोष्ट आहे.

नवा कंपायलर आणला आणि असेंब्लर, म्हणजे कंपायलरने काढलेल्या आज्ञा अंतिम बिटांत रूपांतरित करणारा प्रोग्रॅम, जुनाच ठेवला तरीही गाडी अडते. नवा जीसीसी आधुनिक प्रक्रियकाच्या आज्ञा काढतो, सेंटओएस ६ वरच्या जुन्या असेंब्लरला त्या अपरिचित असतात, आणि अशी आज्ञा नाही हा त्याचा संदेश नवख्याला पूर्णपणे चुकीच्या दिशेने नेतो. बिनयुटिल्स हा असेंब्लर व लिंकर यांचा संच कंपायलरबरोबरच नवा घ्यावा, हे येथे सांगून टाकणे पुरेसे आहे.

हीच विसंगती उलट बाजूनेही भेटते, आणि तिचे महाराष्ट्रातील उदाहरण बोलके आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, सी-डॅकने उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात इंटेलचे कॅस्केड लेक प्रक्रियक आहेत, जे २०१९ मध्ये बाजारात आले; प्रणाली मात्र सेंटओएस ७ च्या कुळातील. या प्रक्रियकांत एकाच आज्ञेने ५१२ बिटांवर गणित करण्याची सोय आहे, पण जीसीसीला अशा आज्ञांची ओळख ४.९ पासून झाली आणि कॅस्केड लेकचे नाव नवव्या आवृत्तीपासून कळू लागले. म्हणजे प्रणालीसोबत आलेल्या ४.८.५ ने बांधलेला प्रोग्रॅम त्या प्रक्रियकाच्या अंगभूत सामर्थ्याचा मोठा भाग वापरतच नाही. त्यामुळे अशा महासंगणकांवर नवे कंपायलर स्वतंत्र कप्प्यांत ठेवण्याची आणि वापरकर्त्याने हवा तो कप्पा उघडून घेण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि स्पॅक हा साधनसंच कंपायलरपासून शेवटच्या लायब्ररीपर्यंतची संपूर्ण साखळी मूळ संहितेपासून बांधून देतो. महासंगणकासाठी घडलेले हे साधन एका सामान्य प्रयोगशाळेच्या यंत्रावरही तितकेच चालते.

रेड हॅटने स्वतः या प्रश्नावर काढलेला तोडगा, डेव्हटूलसेट नावाचा, कदाचित सर्वांत चतुर म्हणता येईल. त्यात नवा कंपायलर मूळ प्रणालीला न छेडता वेगळ्या निर्देशिकेत बसतो. सेंटओएस ७ वर या मार्गाने जीसीसी ११ देखील उपलब्ध झाला. चातुर्य आहे ते लिंकरला दिलेल्या सूचनेत : सी++ लायब्ररीतील ज्या क्रिया यंत्रावरच्या जुन्या लायब्ररीत आहेत त्या तेथूनच घ्यायच्या, आणि ज्या नव्या आहेत तेवढ्याच प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये कायमच्या शिवून टाकायच्या. परिणामी डेव्हटूलसेटने बांधलेला प्रोग्रॅम ज्या यंत्रावर नवा कंपायलर कधीच बसवलेला नाही अशा सेंटओएस ७ वरही चालतो. तालुक्याच्या ग्रंथालयापर्यंत सॉफ्टवेअर पोहोचवायचे असेल तर या गुणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

त्याची एक मर्यादा मात्र समजून घेतलीच पाहिजे, कारण तिच्यापायी अनेकांचे दिवस वाया जातात. सी++११ या मानकाने मजकूर साठवणाऱ्या स्ट्रिंग या प्रकाराची अंतर्गत रचना अशी बदलायला लावली की एकाच मजकुराच्या अनेक प्रती गुप्तपणे एकच जागा वाटून घेण्याची जुनी युक्ती बाद ठरली. जीसीसी ५ ने एप्रिल २०१५ मध्ये नवी रचना आणली आणि जुनीही बाजूला ठेवली. कोणती वापरायची हे बांधणीच्या वेळी ठरते. दोन तुकड्यांनी स्मृतीत गोष्टी कशा मांडायच्या याविषयीच्या या कराराला एबीआय म्हणतात. सेंटओएस ७ वरचा डेव्हटूलसेट यंत्रावरच्या जुन्या लायब्ररीशी इमान राखण्यासाठी जुनाच करार पाळतो, तर मूळ संहितेपासून बांधलेला जीसीसी नवा करार पाळतो. एक लायब्ररी एका कराराने आणि दुसरी दुसऱ्याने बांधली, तर दोन्ही निर्दोष असूनही लिंकर त्यांना जोडायचे नाकारतो. म्हणून एकदा निवडलेला मार्ग संपूर्ण साखळीत पाळणे, हा येथे शिस्तीचा नव्हे तर अस्तित्वाचा प्रश्न आहे.

नवा कंपायलर नव्या संहितेसाठी आणला जातो, पण त्याच यंत्रावर जुनी संहिताही असते आणि नवा कंपायलर तिच्याशी कठोर वागतो. दहाव्या आवृत्तीने, एकच सामायिक चल अनेक फाइलींत सैलपणे घोषित करण्याची सी भाषेतील जुनी सवय बंद केली, आणि फोरट्रान या वैज्ञानिक गणिताच्या भाषेत एकाच उपक्रियेला ठिकठिकाणी वेगळ्या प्रकारचे आदान देणे ही चूक मानायला सुरुवात केली. हवामानाच्या प्रतिमानांत आणि त्यांच्या आधारभूत लायब्रऱ्यांत अशी संहिता विपुल असल्याने, तपासणी सैल करणारा पर्याय देऊन त्या बांधाव्या लागतात. चौदाव्या आवृत्तीने घोषणेशिवाय क्रिया वापरणे ही इशाऱ्याची बाब न ठेवता थेट चूक ठरवली. पंधराव्याने सी भाषेचे २०२३ चे मानक मूळ गृहीत धरले, ज्यात बूल हा शब्द भाषेचा स्वतःचा झाला, आणि ज्या जुन्या प्रोग्रॅमांनी तो आपल्यापुरता व्याख्यित केला होता ते बांधेनासे झाले. या कठोरपणाचे स्वागतच करायला हवे, कारण वर्षानुवर्षे लपलेले दोष त्याने उजेडात येतात. तरीही जुनी संहिता बांधताना कोणते मानक अभिप्रेत आहे ते स्पष्ट सांगणे हाच प्रामाणिक उपाय आहे.

मराठीतून शिकणाऱ्यांसाठी या बाबीला एक खास पदर आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सी व सी++ चे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकण्याजोगे करून दिले आणि इंग्रजीच्या भीतीने मागे राहणाऱ्या विद्यार्थ्याला कंपायलरपर्यंत पोहोचवले. हे पाठ उबुंटू ११.१० आणि जीसीसी ४.६.१ यांवर नोंदवलेले आहेत, आणि तसे पाठाच्या आरंभी सांगितलेही जाते. त्या कंपायलरच्या काळात हेडर विसरलेला सी प्रोग्रॅम इशारा देऊन पुढे जाई. आज घरच्या यंत्रावर चौदावी आवृत्ती असलेल्या विद्यार्थ्याचा तोच प्रोग्रॅम थांबतो. पाठ चुकीचा ठरत नाही आणि विद्यार्थीही चुकलेला नसतो. दोघांमध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे एवढेच. या पाठांसोबत आवृत्त्यांतील फरक सांगणारी चार वाक्यांची मराठी टीप जोडली गेली तर त्यांचे आयुष्य सहज वाढेल.

कंपायलर कितीही नवा आणला तरी जी गोष्ट बदलत नाही तीही मराठीच्या संदर्भात ध्यानात घ्यावी लागते. एखादे चिन्ह अक्षर आहे, अंक आहे की विराम, हे ठरवणारी कोष्टके ग्लिबसीत असतात. ती युनिकोडच्या सातव्या आवृत्तीपर्यंत आणण्याचे काम २०१५ च्या ग्लिबसी २.२२ मध्ये झाले, आणि त्यासाठीच्या आज्ञावल्या रेड हॅटच्या प्रवीण सातपुते व माइक फेबियन यांनी लिहिल्या. सातपुते हे लोहित या भारतीय लिप्यांच्या मुक्त टंकमालेच्या कामासाठीही परिचित आहेत. सेंटओएस ७ ची २.१७ याआधीची आहे. म्हणून जो प्रोग्रॅम अक्षरांचे वर्गीकरण प्रणालीकडून विचारून घेतो, तो चौदाव्या जीसीसीने बांधला तरी जुनीच कोष्टके वाचतो. ज्यांना देवनागरी मजकुरावर बारकाईने काम करायचे आहे त्यांनी असे वर्गीकरण आयसीयूसारख्या, प्रोग्रॅमसोबत नेता येणाऱ्या लायब्ररीकडून घेणे अधिक सुरक्षित.

उरलेल्या मार्गांचा परामर्श थोडक्यात घेता येतो. सी++ ची लायब्ररी प्रोग्रॅममध्येच कायमची शिवणे सहसा निर्धोक असते आणि जीसीसीच्या परवान्यातील सवलतीमुळे त्याला कायदेशीर अडथळाही नाही. ग्लिबसी मात्र अशी शिवू नये, कारण वापरकर्त्यांची नावे शोधणे व लिपिसंकेतांचे रूपांतर यांसाठी ती चालतेवेळी आपलेच इतर भाग शोधते आणि ते जुळले नाहीत की बिघाड होतो. कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमला त्याच्या सर्व लायब्रऱ्यांसह एका बंद खोलीत ठेवण्याची पद्धत, ग्लिबसीचा प्रश्न सोडवते परंतु कर्नल यजमान यंत्राचाच राहतो. ग्लिबसी २.२६ पासून ३.२ च्या खालचा कर्नल चालत नाही, म्हणून सेंटओएस ६ वर अशी खोली उघडताच कर्नल फार जुना आहे असे सांगून प्रोग्रॅम मरतो. आणि सेंटओएस ७ वरही कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर जुने असेल तर ग्लिबसी २.३४ ने नवा धागा सुरू करण्यासाठी केलेली नवी विनंती अडवली जाते. पायथन या भाषेच्या समुदायाने २०१६ पासून मेनीलिनक्स नावाने जे केले ते अधिक दूरदृष्टीचे आहे : आधी सेंटओएस ५, मग ६, मग ७ अशा मुद्दाम जुन्या प्रणालीच्या कंटेनरमध्ये नवा कंपायलर बसवून तेथे लायब्रऱ्या बांधायच्या, म्हणजे त्या जगभरच्या जुन्या-नव्या यंत्रांवर एकसारख्या चालतात. बुलढाण्यातील एखादा विद्यार्थी जुन्या यंत्रावर एका आज्ञेत नमपाय ही पायथनची गणिती लायब्ररी बसवतो तेव्हा त्यामागे हेच तत्त्व असते.

वर्ज्य गोष्ट एकच, आणि तिच्याविषयी मतभेदाला जागा नाही : यंत्राची मूळ ग्लिबसी नवी आणून तिच्या जागी ठेवू नये. यंत्रावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम, फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या आज्ञेपर्यंत, तिच्यावर उभा असतो. ती क्षणभर विसंगत झाली तरी चूक सुधारण्यासाठी लागणारी आज्ञाच चालत नाही. लायब्रऱ्यांचा मार्ग सांगणारा पर्यावरण-चल सर्वांसाठी कायमचा बदलणे हाही त्याच जातीचा, थोडा सौम्य अपघात आहे. त्याऐवजी प्रत्येक प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच त्याच्या लायब्रऱ्यांचा पत्ता कोरून ठेवावा, ज्याला आरपाथ म्हणतात. तसेच आधार संपल्यावर सेंटओएस ७ ची पॅकेजे नेहमीच्या वितरण-सर्व्हरांवरून काढून जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात हलवली गेली, त्यामुळे डेव्हटूलसेटही आता त्या संग्रहाचा पत्ता देऊनच मिळतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबलेले असे यंत्र इंटरनेटला उघडे ठेवू नये. पुस्तके उतरवण्याचे काम त्यावर जोडणीशिवायही करता येते.

आरंभी कल्पिलेल्या प्रसंगाकडे परतल्यास काम असे होते. जोडणी असलेल्या दुसऱ्या यंत्रावर डेव्हटूलसेटची पॅकेजे, टेसरॅक्टची व तिला चित्रे उघडून देणाऱ्या लेप्टोनिका या लायब्ररीची मूळ संहिता उतरवून घ्यायची. पॅकेजे प्रयोगशाळेच्या यंत्रावर बसवायची. सेंटओएस ७ साठी तयार मिळणारी लेप्टोनिका जुनी असल्याने आधी ती आणि मग टेसरॅक्ट, दोन्ही त्याच कंपायलरने, एकाच वेगळ्या निर्देशिकेत, आरपाथ कोरून बांधायच्या. प्रशिक्षणाची साधने वगळली तर आयसीयूची गरजही पडत नाही. मराठीच्या प्रशिक्षित विदेचे तीन संच मिळतात, सर्वसाधारण, वेगवान आणि सर्वोत्तम. जुन्या प्रक्रियकावर वेगवान संच आधी वापरून पाहावा आणि ज्या पुस्तकांचा छाप पुसट आहे त्यांच्यासाठी सर्वोत्तम. ही विदा कंपायलरच्या कोणत्याही आवृत्तीशी बांधलेली नाही. बांधणी झाल्यावर ऑब्जडंप या साधनाने तयार फाइल कोणते शिक्के मागते ते पाहायचे, आणि त्यात २.१७ च्या वरचा ग्लिबसीचा वा ३.४.१९ च्या वरचा सी++ लायब्ररीचा शिक्का नाही याची खात्री करायची. मग कंपायलरची आवृत्ती, दिलेले पर्याय आणि तारीख एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ती त्याच निर्देशिकेत ठेवायची, आणि ती निर्देशिका पेनड्राइव्हवरून ग्रंथालयातील सेंटओएस ७ च्या यंत्रावर त्याच पत्त्यावर उतरवायची. तेथे नवा कंपायलर बसवण्याची गरज उरत नाही.